कोलंबसचे खलाशी कशाला घाबरले होते?

पृथ्वीचा आकार शिकवताना विज्ञानाच्या तासाला आणि सागरी शोध शिकवताना इतिहासाच्या तासाला, कोलंबसची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. त्या काळी सगळे लोक पृथ्वी सपाट मानीत. जहाज फार दूर गेले तर पृथ्वीच्या कडेवरून खाली पडेल, अशी खलाशांना भीती वाटे. एकट्या कोलंबसला मात्र ती गोल असल्याची खात्री होती. १४९२ साली त्याने धाडस केले आणि विद्वानांना खोटे पाडले.

गोष्ट सुटसुटीत आहे, मुलांना आवडते. पण ती खरी नाही. 'एवढ्याशा तपशिलाने काय बिघडते?' असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात त्या वादात कोण बरोबर होते आणि कोण चूक, हेच या गोष्टीत उलटे झाले आहे. म्हणून या विषयावर नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न एकेक करून पाहू.

त्या काळी लोक खरोखर पृथ्वी सपाट मानीत होते का?

शिकलेले लोक मानीत नव्हते, आणि तेही फार पूर्वीपासून. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने दोन साधे पुरावे दिले होते. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली नेहमी गोल कडेची असते. आणि दक्षिणेकडे प्रवास केला की पूर्वी न दिसणारे तारे दिसू लागतात. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी इरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघच मोजला. इजिप्तच्या दक्षिणेकडील सायीनी या गावी (आजचे आस्वान) वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येई. त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, कललेला असे. दोन्ही गावांमधील अंतर ५,००० स्टेडिया धरले जाई. त्याला ५० ने गुणून त्याने परीघ २,५०,००० स्टेडिया काढला. एक स्टेडियम म्हणजे नेमके किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण १५७ मीटरपासून १८५ मीटरपर्यंत कोणतेही माप घेतले, तरी उत्तर ३९,००० ते ४६,००० किलोमीटरच्या दरम्यान येते. खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

आपल्याकडे इ.स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय' या ग्रंथात आर्यभटाने पृथ्वी गोल असल्याचे सांगून तिचा व्यास १,०५० योजने दिला आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने पंजाबातील नंदना येथील डोंगरावरून क्षितिज किती खाली कललेले दिसते हे मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. युरोपात आठव्या शतकात बीड या इंग्रज मठवासीयाने पृथ्वी चेंडूसारखी असल्याचे लिहिले, आणि तेराव्या शतकापासून साक्रोबोस्कोचे गोलाविषयीचे पुस्तक तिथल्या विद्यापीठांत क्रमिक पुस्तक म्हणून शिकवले जात होते.

सर्वांत बोलका पुरावा जर्मनीत न्यूरेंबर्ग येथील संग्रहालयात आहे. तो म्हणजे मार्टिन बेहाइमने करवून घेतलेला पृथ्वीचा गोल. तो १४९० ते १४९२ या काळात, म्हणजे कोलंबस पहिल्या सफरीवरून परतण्यापूर्वीच, तयार झाला. त्यावर युरोप आहे, आफ्रिका आहे, आशिया आहे; अमेरिका मात्र नाही.

मग सपाट मानणारे कोणीच नव्हते का?

होते. चौथ्या शतकाच्या सुरुवातीस लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने गोल पृथ्वीच्या कल्पनेची टिंगल केली होती. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास या व्यापाऱ्याने विश्व पेटीसारखे असल्याचे चित्र रंगवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची माहिती देणारा हाच तो कॉस्मास. त्याने उल्लेखिलेले 'कल्याना' म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण पृथ्वीच्या आकाराबाबत त्याच्यामागे फारसे कोणी गेले नाही. दोन-चार अपवादांवरून सबंध युगाचे मत ठरवणे बरोबर नव्हे.

खलाशांना तर याचा रोजचा अनुभव होता. दूर जाणाऱ्या जहाजाचे आधी धूड दिसेनासे होते, मग शिडे. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारे पोर्तुगीज खलाशी ध्रुवताऱ्याची उंची मोजून आपण कुठे आहोत ते ठरवीत. जसजसे दक्षिणेला जावे तसतसा तो तारा क्षितिजाकडे उतरत जाई. सपाट पृथ्वीवर हे घडले नसते.

मग कोलंबसचा वाद कशाविषयी होता?

आकाराविषयी नव्हे, आकारमानाविषयी. पृथ्वी गोल असल्याने पश्चिमेकडे जाऊन आशियाला पोहोचता येईल, हे सर्वांना मान्य होते. प्रश्न होता अंतराचा.

कोलंबसने नवव्या शतकातील अल्-फर्गानी या खगोलज्ञाचा आकडा घेतला : एक अंश म्हणजे ५६ पूर्णांक २/३ मैल. हे मैल अरबी होते, सुमारे दोन किलोमीटरचे. कोलंबसने ते सुमारे दीड किलोमीटरचे रोमन मैल समजून हिशेब केला. त्यामुळे त्याच्या हिशेबात पृथ्वी जवळजवळ चतुर्थांशाने लहान झाली. शिवाय आशिया खंड पूर्वेकडे आहे त्यापेक्षा खूपच लांबवर पसरला आहे, असे त्याने धरले. या दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या. कॅनरी बेटांपासून जपान त्याच्या मते साधारण ४,५०० किलोमीटरवर होता. त्याच अक्षवृत्तावरून पश्चिमेकडे गेल्यास हे अंतर प्रत्यक्षात २०,००० किलोमीटरच्या आसपास भरते.

पोर्तुगालच्या राजाने ही योजना आधीच नाकारली होती. स्पेनच्या राणी इझाबेला व राजा फर्डिनंड यांनी एर्नांदो दे तालावेरा या धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिनेही प्रतिकूल मत दिले. समितीचे आक्षेप कोलंबसच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रातून आपल्याला कळतात. त्यांतला एक गमतीचा आहे : पृथ्वी गोल आहे, तेव्हा पश्चिमेकडे गेलेले जहाज उतारावरून खाली जाईल, ते पुन्हा चढण चढून परत कसे येणार? गुरुत्वाकर्षणाची कल्पना नव्हती, म्हणून आक्षेप चुकीचा; पण तो घेण्यासाठी पृथ्वी गोल मानावीच लागते! मुख्य आक्षेप मात्र अंतराचा होता, आणि तो अगदी योग्य होता. एवढे अंतर कापायला लागेल इतके अन्नपाणी त्या काळच्या जहाजात मावतच नव्हते.

थोडक्यात, विद्वान बरोबर होते आणि कोलंबस चुकला होता. तो वाचला याचे कारण, कोणालाही माहीत नसलेला एक खंड वाटेत आडवा आला. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी जमीन दिसली ती साधारणपणे त्याच्या हिशेबाने जपान जिथे असायला हवा त्याच सुमारास. त्यामुळे आपण आशियाला पोहोचलो हा समज पक्का झाला, आणि तिथल्या माणसांना 'इंडियन' हे नाव चिकटले.

मग खलाशी कशाला घाबरले होते?

वाऱ्याला. कोलंबसच्या रोजनिशीचा गोषवारा आज उपलब्ध आहे. त्यात २२ सप्टेंबरची नोंद आहे. त्या दिवशी समोरून वारा आला याचा कोलंबसला आनंद झाला. कारण या समुद्रात स्पेनकडे परत नेणारा वाराच नाही, असे वाटून खलाशी अस्वस्थ झाले होते. आठवडाच्या आठवडा पूर्वेचा वारा पाठीशी असताना परतायचे कसे आणि तोवर पाणी पुरेल का, ही भीती अडाणीपणाची नव्हती. तो जाणत्या खलाशांचा हिशेब होता.

ही गोष्ट आली कुठून?

ती मध्ययुगातील नाही, एकोणिसाव्या शतकातील आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली कोलंबसचे चरित्र लिहिले. त्यात सालामांका येथे धर्मग्रंथ पुढे करणाऱ्या विद्वानांसमोर एकटा उभा असलेला कोलंबस त्याने कादंबरीच्या थाटात रंगवला. पुढे डार्विनच्या सिद्धांतावरून वाद पेटलेला असताना ड्रेपर (१८७४) आणि व्हाइट (१८९६) यांनी धर्म व विज्ञान यांच्या संघर्षावर ग्रंथ लिहिले. त्यांतून सपाट पृथ्वीचे मध्ययुग हा समज पसरला आणि पाठ्यपुस्तकांत शिरला. १९९१ साली जेफ्री बर्टन रसेल या इतिहासकाराने एक छोटेखानी पुस्तक लिहून हा सगळा प्रवास उलगडून दाखवला. असा संघर्ष कधी झालाच नाही, असे मात्र नाही. १६३३ साली गॅलिलिओवर खटला झाला. पण तो पृथ्वीच्या आकारावरून नव्हे, ती फिरते की नाही यावरून.

वर्गात काय सांगावे?

जुन्या गोष्टीतून मूल शिकते की पूर्वीचे लोक मूर्ख होते, जाणकारांचे ऐकू नये, आणि हट्टाने पुढे जाणारा नेहमी बरोबर ठरतो. खऱ्या इतिहासातून ते शिकते की पुरावा तपासावा, एकक तपासावे, आणि यश मिळाले म्हणून हिशेब बरोबर होता असे समजू नये. एककांची चूक केल्यामुळे गुण गेलेल्या विद्यार्थ्याला तर कोलंबस जवळचाच वाटेल.

यासोबत इरॅटोस्थेनिसचा प्रयोगही करून पाहता येईल. कोल्हापूर आणि धुळे ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. २१ मार्चच्या सुमारास एकाच दिवशी दोन्ही ठिकाणच्या शाळांनी एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी आणि दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजावी. कोल्हापुरात ती सुमारे ३० सेंटिमीटर भरेल, धुळ्यात ३८ सेंटिमीटर. त्यावरून सूर्याचे कोन काढले तर फरक ४.२ अंशांच्या आसपास येतो. दोन्ही शहरांमधील दक्षिणोत्तर सरळ अंतर नकाशावरून मोजावे. ते सुमारे ४६५ किलोमीटर आहे. पुढचे त्रैराशिक मुलांनाच करू द्यावे.