प्रकाशाचा भोंवरा

सन १९१३ मध्यें जॉर्ज सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञानें फिरत्या मेजावर, आरशांनीं वळवून, प्रकाशाचे दोन किरण एकाच वाटेनें परस्परविरुद्ध दिशांस सोडिले. मेज फिरतांच एकास वाट लांब पडे, दुसऱ्यास आंखूड. या फरकानें ईथर सिद्ध झाला, अशी त्याची समजूत! पुढें ईथर गेला. फरक राहिला, आणि त्यावरूनच वाहन किती वळलें हें सांगणारा प्रकाशाचा जायरोस्कोप निघाला.

१९६३ सालीं अमेरिकेंत मॅसेक व डेव्हिस यांनीं अशा चौकोनी वाटेंत लेसर बसविला. परंतु वळण्याची गति अगदीं मंद झाली कीं, आरशांवरून मागें विखुरलेल्या अल्पशा प्रकाशामुळें दोन्ही किरण एकमेकांस जखडले जात व यंत्र मुकें होई. आरसे अधिक निर्मळ करण्यांत आलेच. पण खरी युक्ति निराळी. यंत्रच सतत किंचित् हालत ठेवावयाचें, आणि तें हालणें मागाहून हिशेबांतून वजा करावयाचें! तेंही अगदीं नेमानें हालवून चालत नाहीं. चूक नेमानेंच सांचत जाते. म्हणून त्यांत थोडा अनियम मुद्दाम मिसळावा लागतो. प्रयोगशाळेंत मेजास धक्का लागला तरी विद्यार्थ्यांवर रागावणाऱ्या आम्हांस हा उपाय प्रथम अधर्मच वाटला. तथापि १९८२-८३ पासून बोइंग ७६७ व ७५७ हीं विमानें समुद्रांवरून गेलीं, तीं याच थरथरत्या यंत्रांच्या भरंवशावर.