संगमावरचा बाजार

आजच्या कर्नाटकातलं सुपे अजून पाण्याखाली गेलेलं नाही. साल १९२८, ऑक्टोबर सरत आलाय, आणि काळी-पांढरी नद्यांच्या संगमाजवळ बाजारात तुम्ही उभे आहात. कुणबिणीच्या टोपलीत पिवळी तवशी आहेत. म्हशी राखणारा गवळी तूप घेऊन डोंगरातून उतरलाय. घरी तो मराठीच्या वळणाचं बोलतो. सुपारीच्या बागेतला हव्यक घरी कन्नड बोलतो. सिद्दी बाईने मध आणलाय. "कितल्याक?" हव्यक तिला विचारतो, आणि पुढची सगळी घासाघीस कोंकणीत होते. ती कोणत्याही शाळेत कुणी शिकलेलं नाही. थोडा वेळ कान दिलात तर तुम्हालाही जमू लागते.

याच महिन्याच्या २८ तारखेला समुद्रापार, डचांच्या ताब्यातल्या बटावियात तरुणांची परिषद भरलीय. तिथे बोलणाऱ्यांची संख्या मोजली तर जावानीज सर्वांत मोठी. पण त्या भाषेत समोरच्याचा दर्जा पाहून शब्द बदलावे लागतात. तरुण शपथ घेतात ती बंदरोबंदरी चालणाऱ्या मलयची, आणि तिला इंडोनेशियन भाषा म्हणतात. १९४५च्या राज्यघटनेत तीच राज्यभाषा झाली. व्यापाऱ्या-खलाशांची बोली देशाची भाषा झाली.

सुप्याच्या बाजाराकडे असं कुणी पाहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाजार सोडून कचेरीच्या ओसरीवर या. कारवारचा हा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. तुमच्या पुढे बसलेल्या कुणब्याचं जमिनीचं गाऱ्हाणं कोंकणीत आहे, आणि ते ज्या भाषेत लिहायला हवं ती त्याची नाही. अर्ज लिहून देणाऱ्याच्या तोंडाकडे तो बघत राहतो.

आता १९३९. घाट उतरून कारवारला चला. माधव मंजुनाथ शानभाग यांनी कोंकणी परिषद भरवलीय. इथली माणसं एक गोष्ट मांडताहेत: कानडी, देवनागरी, रोमी अशा वेगवेगळ्या लिप्यांत विखुरलेली भाषा एकच आहे. सभेत बसलात तर तुमच्याही अंगावर काटा येईल.

१ नोव्हेंबर १९५६. तुम्ही जागचे हलला नाहीत, तरी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलात. मग सीमावाद. महाराष्ट्र कारवार, हल्याळ, सुपे मागतो. महाजन आयोग १९६७ साली ती मागणी नाकारतो. मराठी की कन्नड, यावर वर्षानुवर्षं कागद झिजतात. गवळी, सिद्दी आणि हव्यक यांना जोडणाऱ्या भाषेची त्या भांडणात स्वतःची बाजूच नाही. आपण मराठी माणसांनीही तिला आपली बोली म्हणून दाव्याला जोडलं, तिचं म्हणणं विचारलं नाही.

१९८७. काळी नदीवरचं धरण पुरं झालंय. जुनं सुपे जलाशयात गेलंय, कित्येक कुटुंबं रामनगरला वसलीत, तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालतोय. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यात कोंकणी राजभाषा होते. १९९२मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत जाते. कर्नाटकातल्या शाळांत शिरायला तिला २००७ उजाडावं लागतं, तेही सहावीपासून आणि ऐच्छिक विषय म्हणून. पहिलीच्या वर्गात बसलेल्या कुणब्याच्या मुलीला ती पाच वर्षं आधी हवी होती.