मासेमारीच्या क्लबात पोरं का येईनात?

पोस्ट मोठी आहे आणि विषय वरवर बघता आपल्या काही कामाचा नाही. अमेरिकेत गळाने मासे धरणाऱ्यांचे जे गावोगावचे क्लब आहेत, त्यांच्याबद्दल लिहितोय. पण ज्यांनी कधी गावातलं वाचनालय, तालीम, भजनी मंडळ नाहीतर ट्रेकिंगची संस्था चालवली असेल त्यांनी जरूर वाचा. वार्षिक सभेला तेच बारा-पंधरा चेहरे, बहुतेकांचे केस पांढरे, आणि चहाच्या वेळी ठरलेलं वाक्य: "हल्लीची पोरं येतच नाहीत हो." अलाबामा आणि केंटकीतल्या क्लबांतही हेच ऐकू येतं.

आधी मासा कुठला ते सांगतो. आपल्याकडे हॉटेलच्या मेनूवर 'सी बास' लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा ताटात जिताडा येतो. हा तो नव्हे. हा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, मोठ्या तोंडाचा मासा. आमिषावर तुटून पडतो आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. खाण्यापेक्षा झुंजीसाठी याची ख्याती. साहेबी शौक ट्राउटचा, बास म्हणजे साध्या माणसाचा मासा. 1881 मध्ये जेम्स हेन्शल या डॉक्टरने बासवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्याला थोडी प्रतिष्ठा आली.

मासेमारीचे क्लब तिकडे फार जुने. पेनसिल्व्हेनियातली स्कायलकिल फिशिंग कंपनी 1732 ची, म्हणजे अमेरिका देश होण्याआधीची. पण ती मोजक्या बड्या लोकांची मंडळी. कामगार आणि दुकानदारांचा बास क्लब आला तो धरणांमुळे. 1933 मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली, पाठोपाठ आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने धरणांचा सपाटा लावला, आणि जिथे नैसर्गिक तळी फारशी नव्हती अशा दक्षिणेकडच्या राज्यांत सरकारी पैशाने प्रचंड जलाशय उभे राहिले. बुडालेल्या झाडांत बास वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात थोडा पैसा आणि शनिवार-रविवारची सुट्टी आली. पत्र्याची होडी, मागे छोटं इंजिन, चार दोस्त. झाला क्लब. हे सगळं सार्वजनिक पाण्यावर चाललं होतं, एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता 1967. रे स्कॉट हा माँटगोमेरीचा विमा एजंट. मार्च महिन्यात मिसिसिपीत जॅक्सनच्या एका मोटेलमध्ये पावसामुळे अडकून पडला होता, टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता. त्याच्या डोक्यात आलं, की बास धरण्याची स्पर्धा का नसावी? जूनमध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने ती भरवलीसुद्धा. 13 राज्यांतून 106 जण आले. प्रवेश फी 100 डॉलर, त्या काळी बरीच मोठी रक्कम. पुढच्याच वर्षी त्याने 'बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी' काढली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'बास'च होतं. विमा एजंटच तो, नाव विकायचं कसं हे त्याला कळणारच!

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती वयाची. स्कॉट तेव्हा 33 वर्षांचा होता. बीव्हर लेकवर पहिला मासा लागला तो बिल डान्सला, त्याचं वय 26. आज जी 'म्हाताऱ्यांची संस्था' वाटते ती पोरांनी काढलेली होती. त्यांना कुणी 'आकर्षित' केलं नव्हतं.

राष्ट्रीय सोसायटीच्या खाली गावोगावचे क्लब जोडले गेले आणि एक शिडी तयार झाली. क्लबच्या स्पर्धेत चमकलात की राज्याच्या संघात, तिथून फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धेत, आणि तिथून एखाद-दुसरा थेट 'बासमास्टर क्लासिक'मध्ये. 1971 साली सुरू झालेली ती या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा.

क्लबात दर महिन्याला सभा आणि एखादी छोटी स्पर्धा. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. ज्याची होडी तो पुढे, ज्याच्याकडे नाही तो मागे. मला विचाराल तर क्लबची खरी शाळा ही मागची जागा. वीस वर्षांचा पोरगा आठ तास पन्नाशीच्या माणसाच्या मागे बसतो. बुडालेल्या ओंडक्याशी आमिष कसं सोडायचं, वारा फिरला की कुठे जायचं, हे न विचारताच शिकतो. मासा लागला नाही तर काय बोलायचं नाही, हेही शिकतो.

आणि हे क्लब नुसते मासे धरत बसले नाहीत. 1899 च्या 'रिफ्यूज अ‍ॅक्ट'मध्ये एक विसरलेलं कलम होतं. नदीत घाण टाकणाऱ्याची खबर देणाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम मिळू शकते. ते हातात घेऊन स्कॉट आणि त्याची सोसायटी 1970 च्या सुमारास शेकडो कारखान्यांविरुद्ध कोर्टात गेली. प्रतिवाद्यांत यूएस स्टीलसारखी कंपनी होती. 1971 मध्ये कोर्टाने दावे फेटाळले. कलम खरं, पण त्यावर नागरिक स्वतः दावा लावू शकत नाही, ते काम सरकारचं, असं म्हणून. 1972 मध्ये क्लीन वॉटर अ‍ॅक्ट आला आणि त्यात नागरिकाला थेट दावा करायचा हक्क मिळाला. तो काही या मासेमारांमुळेच आला असं म्हणणार नाही, त्यामागे फार मोठी चळवळ होती. पण या भांडणात ते होते. त्याच वर्षी स्कॉटने 'धरलेला मासा मारू नका' ही मोहीम सुरू केली. स्पर्धेत वजन झालं की मासा जिवंत परत पाण्यात. रविवारी मासा तळून खाणाऱ्या लोकांना हे पटवणं सोपं नव्हतं.

मग घोडं अडलं कुठे? माझ्या मते, होडीत.

लुईझियानाच्या श्रेव्हपोर्टमध्ये 1948 मध्ये पहिली 'स्कीटर' बास-बोट बनली, 1968 मध्ये फॉरेस्ट वुडने आर्कान्सात 'रेंजर' काढली. आधी साध्या होड्या, मग जास्त ताकदीचं इंजिन, मग मासा दाखवणारं सोनार यंत्र, मग मोठे पडदे. आज नवी, मोठी, सगळ्या साधनांसकट बास-बोट घ्यायची तर सत्तर-ऐंशी हजार डॉलर सहज जातात. वर ती ओढायला ट्रक. टीव्हीवर बक्षिसं वाढली, जाहिरातदार आले, आणि गावच्या क्लबातली शनिवारची स्पर्धाही त्या मोठ्या स्पर्धेची नक्कल करायला लागली. बावीस वर्षांच्या पोराने कॉलेजचं कर्ज फेडायचं की होडीचं?

काहींना तर दारातूनच परत पाठवलं जायचं. सोसायटीच्या स्पर्धांत बायकांना प्रवेशच नव्हता. म्हणून 1976 मध्ये टेक्सासच्या शुगर फेरिस यांनी 'बासन गॅल' नावाची बायकांची वेगळी मालिका सुरू केली. सरकारी पैशाने बांधलेल्या जलाशयावर अर्ध्या जनतेला मज्जाव कसा, हा प्रश्न शेवटी उभा राहिलाच. 1991 मध्ये वोजाई रीड पुरुषांच्या स्पर्धेत उतरल्या, तेही बऱ्याच पुरुष स्पर्धकांची नाराजी झेलून. क्लासिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय स्पर्धक, अल्फ्रेड विल्यम्स, पोचला तो 1983 मध्ये. म्हणजे 'नवे सभासद येत नाहीत' म्हणणाऱ्यांनी कित्येक वर्षं नव्या सभासदांना आत घेतलंच नव्हतं.

तरी शिडी अगदीच मोडली नव्हती. ब्रायन करचाल हा कनेक्टिकटचा मुलगा, म्हणजे बासचा बालेकिल्ला नसलेल्या थंड उत्तरेकडचा. हॉटेलात स्वयंपाकी होता. हूसॅटोनिक व्हॅली बासमास्टर्स या स्थानिक क्लबचा सभासद. क्लबच्या शिडीवरून 1993 मध्ये क्लासिकला पोचला आणि चक्क शेवटचा आला. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शिडीने चढला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय रॉक लेकवर नावाजलेल्या व्यावसायिकांना मागे टाकून क्लासिक जिंकला. वय 23. गावच्या क्लबातून येऊन क्लासिक जिंकणारा तो पहिलाच. डिसेंबर 1994 मध्ये रॅलेजवळ विमान कोसळलं. वीस जणांपैकी पंधरा गेले, त्यात ब्रायन होता. आजही क्लबवाल्यांमध्ये त्याचं नाव निघतं ते 'आमच्यातला' म्हणून.

दरम्यान, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 1995 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात बोलिंगचं उदाहरण दिलं होतं. 1980 ते 1993 मध्ये बोलिंग खेळणारे अमेरिकन सुमारे 10 टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे 40 टक्क्यांनी घटले. बासचंही बरंचसं तसंच आहे. पोरं मासे धरतात. कयाक घेऊन जातात, काठावरून गळ टाकतात, यूट्यूबवर व्हिडिओ टाकतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सभेला बसून मागच्या सभेचं इतिवृत्त ऐकत नाहीत, एवढंच. (आपल्यालाही ते ऐकवत नाही, खरं बोलूया.)

"मग काय बिघडलं, न का येईनात," असं कुणी म्हणेल. बिघडतं. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, रीळ, दांड्या यांच्यावरचा कर मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवला. 1984 मध्ये त्याची व्याप्ती वाढली, त्यात होड्यांच्या इंधनावरचा करही आला. हा पैसा राज्यांना वाटताना 60 टक्के वाटा परवानाधारक मासेमारांच्या संख्येवर ठरतो आणि 40 टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर. म्हणजे परवाने घटले की राज्याचा वाटाही आक्रसण्याचा धोका. मत्स्यबीज, धक्के, पाण्याची तपासणी, सगळं त्यावर चालतं. म्हणून तिकडची सरकारी खातीसुद्धा नव्या मासेमारांच्या मागे असतात. आणि उद्या एखाद्या कारखान्याने नदीत काही सोडलं तर यूट्यूबवरचा एकटा पोरगा कोर्टात जाणार नाही. त्याला संस्था लागते, वर्गणी लागते, कागद सांभाळणारा चिटणीस लागतो.

वाट निघाली ती शाळांतून. 2009 मध्ये इलिनॉयच्या शालेय क्रीडा संघटनेने बास फिशिंगला बास्केटबॉलसारखाच अधिकृत खेळ मानून राज्य अजिंक्यपद भरवलं. अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. काही वर्षांनी केंटकीने तेच केलं. मुलांना शाळेचा टी-शर्ट, शाळेचं नाव, मुली-मुलगे एकत्र. ज्याला बास्केटबॉलच्या संघात घेत नाहीत तो बुटका, अबोल पोरगा इथे शाळेसाठी पदक आणू शकतो.

पण सोळा वर्षांच्या मुलाकडे होडी कुठली? इथे क्लबातल्या पांढऱ्या केसांची गरज पडली. शालेय स्पर्धेत दोन मुलांमागे एक प्रौढ लागतो, होडी चालवायला. त्याला बोट कॅप्टन म्हणतात. ज्या क्लबांना हे उमगलं त्यांनी सभासद वाढवायची पत्रकं वाटणं सोडलं आणि जवळच्या शाळेला होड्या दिल्या. काहींनी कयाकवाल्यांना आणि काठावरून गळ टाकणाऱ्यांना स्पर्धेत घेतलं, फी कमी केली. बाकीचे अजून सभेत तेच वाक्य म्हणतायत.

कॅप्टनसाठी नियम असा, की इंजिन चालवायचं, सुरक्षा बघायची, फार तर मासा जाळीत घ्यायला मदत करायची. गळ मात्र टाकायचा नाही. चाळीस वर्षं होडीच्या पुढच्या टोकाला उभा राहिलेला माणूस मग दिवसभर सुकाणूवर बसून असतो आणि पुढे दोन पोरं त्याच्या डोळ्यांदेखत चुकीच्या ओंडक्यावर आमिष फेकत असतात.

तुमच्या संस्थेत ती पुढची जागा कुणाकडे आहे? कमेंटमध्ये लिहा, मला खरंच ऐकायचंय.