कळव्याची वाट आणि रहाटपाळणा

जत्रेंतील पाळण्याविषयीं लिहिणारे त्याची उंची सांगतात. तो तेथवर आला कसा, हें सहसा पाहत नाहींत. आमच्या मतें पाळण्याचें माप मैदानानें ठरत नसून वाटेंतील सर्वांत अरुंद जागेनें ठरतें. ठाण्याहून कल्याण-अंबरनाथकडे जातांना लागणारा कळवा हें याचें चांगलें उदाहरण होय. येथें आधीं खाडी ओलांडावी लागते. पुढें मुंब्र्याकडे जाणारी जुनी सडक खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या बेचक्यांतून जाते.

‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ यापासून आलेला आहे. अरघट्ट म्हणजे विहिरीवरील घटमालेचें चाक. झोपाळ्यास वैदिक शब्द ‘प्रेङ्ख’. महाव्रतांत होता प्रेङ्खावर बसून शस्त्र म्हणतो. या दोन वस्तूंचा संयोग म्हणजे रहाटपाळणा. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानें १६१५ सालीं इस्तंबूल येथें असें चाक पाहिलें होतें. तेव्हां हा खेळ अमेरिकेंतून आला, ही प्रचलित समजूत टिकत नाहीं. चार पाळण्यांचा लांकडी रहाट म्हणजे खांब, आंस, आरे व पाचरा. हें सर्व बैलगाडींत किंवा नावेंत मावतें.

दिनांक १ मे १८५४ रोजीं लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला व १९१६ सालीं पारसिकचा सुमारें १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. आगगाडीनें वजनाची अडचण दूर केली, मापाची नव्हे. डब्यावरील माल बोगद्याच्या घेरांत बसलाच पाहिजे. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं सर्कस काढली, ती याच युगांत. परंतु हत्ती स्वतः चालतो, प्रसंगीं रुतलेली गाडीही ढकलतो. पाळण्यास तें साधत नाहीं!

शिकागो येथें १८९३ सालीं उभारलेल्या फेरिसच्या चाकाची उंची २६४ फूट होती आणि त्याची आंसच सुमारें ४० टनांची. १९०४ च्या प्रदर्शनासाठीं तें सेंट लुईस येथें नेण्यास १७५ डबे लागले, असें सांगतात. तेथून तें पुन्हां हललें नाहीं. १९०६ सालीं सुरुंगानें उडविण्यांत आलें. उलट विल्यम सलिव्हन यानें १९०० सालीं फिरत्या जत्रांसाठीं सुटें होणारें ४५ फुटी चाक केलें. सलिव्हन हा मुळांत पूल बांधणारा कारागीर, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुलाचे भाग सुटे आणून जागेवर जोडण्याची विद्याच त्यानें पाळण्यास लाविली.

आज हा माल लॉरीनें जातो व वाहनाची रुंदी कायद्यानें २.६ मीटरपर्यंत मर्यादित आहे. त्यामुळें आरे दुमडते किंवा सांध्यांत तुटणारे करावे लागतात. पाळणा उतरवितांना आधीं पाळणे निघतात, मग आरे, मग आंस, शेवटीं बैठक. त्याच क्रमानें ते लॉरींत भरले असतां बैठक सर्वांत वर राहते आणि नव्या जागीं पहिली हातीं येते. हा क्रम चुकला, तर सर्व माल रस्त्यावर उतरवून पुन्हां भरावा लागतो. आणि कळव्यासारख्या अरुंद जागीं असा माल पसरण्यास जागाच नसते.

आमचे संग्राहक सनदा व महजर जपतात तें योग्यच. परंतु गाडीभाड्याच्या पावत्या, तरीचे हिशेब आणि जत्रेच्या जागेचे परवाने रद्दींत जातात. पाळणा कोणत्या वाटेनें, किती गाड्यांतून व किती दिवसांत गेला, हें याच कागदांत सांपडावयाचें. कोणाच्या रुमालांत ठाणें-कल्याण मार्गावरील असा एखादा कागद असल्यास त्यानें त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.