न्यू मूर बेट (पृ. ११२ वरील तळटीप)
हरियाभंगा नदीच्या मुखाशी, १९७०च्या भोला चक्रीवादळानंतर वर आलेला गाळाचा उंचवटा. भारतात पूर्वाशा, बांगलादेशात दक्षिण तालपट्टी. वस्ती नाही, उंची जेमतेम दोन मीटर. तरी १९८१ साली भारताने इथे तिरंगा फडकवला आणि ढाक्याने निषेध नोंदवला. डोळा त्या चिखलावर कुणाचाच नव्हता. नदीचा मुख्य प्रवाह बेटाच्या कोणत्या अंगाने वाहतो, यावर सागरी सीमा आणि तिच्यासोबत मासळी व संभाव्य तेल-वायूचे हक्क अवलंबून होते. २०१०पर्यंत बेटच बुडाले. हेगच्या लवादाने २०१४ साली सीमा आखली, तेव्हा वादातल्या समुद्राचा मोठा हिस्सा बांगलादेशाला मिळाला. बुडालेल्या बेटाची जागा मात्र भारताकडे आली. लेखकाचे ‘प्रश्न अनिर्णित’ हे विधान निवाड्यापूर्वीचे आहे. – संपा.