हालचालींचा हिशेब विचारताना

माणूस किती हालचाल करतो हे त्यालाच विचारून मोजायचे, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भाबडी वाटते. तुम्हालाही तसे वाटत असेल, तर ती शंका सोबत घेऊनच या विषयात या. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतले बैठे चालक आणि जिने चढणारे-उतरणारे वाहक यांची तुलना करून हृदयविकार आणि हालचाल यांचा संबंध पुढे आणला. तिथे हुद्द्यावरून भागले. सगळ्यांच्या बाबतीत ते भागत नाही.

आज वाचकांना दोन प्रश्नावल्या वारंवार भेटतील. आयपॅकच्या छोट्या आवृत्तीत मागच्या सात दिवसांबद्दल सात प्रश्न असतात. जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक सोळा प्रश्नांत काम, जाणे-येणे, फावला वेळ आणि बैठक यांची वेगवेगळी चौकशी करते. सुरुवात जीपॅकपासून करावी, असे मी सुचवेन. ‘व्यायाम करता का?’ असे विचारले, तर दिवसभर खुरपणी करून पाणी भरणारी बाई ‘कुठला व्यायाम!’ म्हणेल. जीपॅक घरकामही कामातच धरते. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत हीच प्रश्नावली वापरली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय गटात होते आणि फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी.

आकडेमोडीला बिचकू नका. आठवड्यातून ५ दिवस, दररोज ३० मिनिटे चालत कामावर जाणारा माणूस घ्या. आयपॅक चालण्याला ३.३ मेट (स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते, याचे माप) देते, म्हणजे ४९५ मेट-मिनिटे. जीपॅक ४ देते, म्हणजे ६००, नेमकी पुरेशा हालचालीची किमान मर्यादा! म्हणून दोन अभ्यासांची तुलना करण्याआधी प्रश्नावली कोणती, हे वाचकांनी पाहावेच.

आयपॅकची बारा देशांत पारख झाली. २००३ च्या त्या अहवालानुसार पुन्हा विचारल्यावर उत्तरे बरीच जुळली (सहसंबंध सुमारे ०.८), पण कमरेला लावलेल्या हालचालमापकाशी जेमतेम ०.३. ठरवून केलेला व्यायाम लक्षात राहतो, दिवसभर विखुरलेली ऊठबस निसटते. मात्र डोक्यावरचे ओझे त्या यंत्रालाही कळत नाही, आणि चालणे हौसेचे की पोटासाठीचे हेही ते सांगत नाही.

पुढे वाचण्याआधी जीपॅक स्वतः भरून पाहा. फरशी पुसणे ‘मध्यम’ श्रमांत घालायचे की ‘जोरकस’ श्रमांत, इथेच बहुधा पेन अडेल. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.