मराठी ख्रिस्ती काव्यातील ईश्वरस्वरूप : 'देवबाप' ते 'माउली'

प्रस्तावना :
ईश्वर एकच असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींचे ईश्वरी तत्त्व एकच आहे, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत धारणा होय. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे, तर ४५१ च्या काल्सेदोन परिषदेने ख्रिस्त पूर्ण ईश्वर व पूर्ण मानव असल्याचे घोषित केले. ग्रीक भाषेत घडलेला हा सिद्धांत मराठीत कोणत्या शब्दांनी रुजला, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन कवींच्या आधारे केला आहे.

स्टीफन्स यांचा 'देवबाप' :
इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणांच्या परिपाठानुसार त्याचा आरंभ नमनाने होतो; मात्र हे नमन 'देवबापा'ला आहे. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती हे परिचित शब्द त्यांनी स्वीकारले. येथील ईश्वर प्रामुख्याने सृष्टीचा कर्ता व सर्वसमर्थ पिता आहे.

टिळकांची 'माउली' :
रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बीड जिल्ह्याला लागून असलेले अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची प्रमुख कर्मभूमी. तुकोबांच्या अभंगवाणीवर पोसलेल्या या कवीने ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून आळविले. वारकरी विठ्ठलाला ज्या नात्याने हाक मारतो, तेच हे नाते होय. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते.

येथे एक तात्त्विक प्रश्न उद्भवतो. भक्तीच्या भाषेबरोबर अवताराची कल्पनाही येते. अवतार युगायुगांत अनेक होतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण मात्र इतिहासात एकदाच घडले. शब्द आपला केला, तर अर्थ निसटण्याचे भय. शब्द परका ठेवला, तर ईश्वरच परका होण्याचे भय.

निष्कर्ष :
स्टीफन्स यांनी पुराणाची चौकट घेतली, टिळकांनी भक्तीचे नाते घेतले. त्रैक्याचा सिद्धांत दोघांनीही नाकारला नाही. बदलली ती ईश्वराला हाक मारण्याची रीत. म्हणून मराठी ख्रिस्ती समाजाच्या ईश्वरकल्पनेचा इतिहास केवळ धर्मपरिषदांच्या ठरावांतून लिहिता येणार नाही. तो ओवी-अभंगांतूनही वाचावा लागेल.